सचोटीच्या वेषातला मंत्रचळ

व्यापारी घरात हिशेबाला जवळजवळ देवघराचे पावित्र्य असते. संध्याकाळी रोजमेळ जमला, वहीतली शिल्लक पेटीतल्या रकमेशी जुळली, की मुनीमजी वही मिटतात आणि घरातल्या माणसाच्या मनावरून दिवसाचा भार उतरतो. एक रुपया कमी पडला तर तो सापडेपर्यंत जेवायला न उठणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी आपल्या मनात आदर आहे. म्हणूनच आपल्या घरांत एक आजार फार उशिरा ओळखला जातो. तो येतो तेव्हा आजारासारखा दिसतच नाही. तो सचोटीसारखा दिसतो, शुद्धतेसारखा दिसतो, कधी कधी धर्मभीरुतेसारखाही दिसतो.

या आजाराला मराठीत मंत्रचळ असा जुना शब्द आहे. वैद्यकशास्त्र त्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणते. बोलताना सारे ओसीडी एवढेच म्हणतात. माझ्या धाकट्या दिरांना तो जडला होता. त्यावर जे उपचार झाले त्यांत मेंदूला डोक्याच्या बाहेरून चुंबकीय स्पंदने देण्याचा एक तुलनेने नवा उपचारही होता. या उपचाराविषयी आपल्या समाजात भीती पुष्कळ आणि माहिती थोडी आहे. भाऊजींनी हा मजकूर वाचून, “वहिनी, हे जरूर पाठवा, नाव तेवढे घालू नका,” असे सांगितल्यावरच तो मी संपादकांच्या स्वाधीन करीत आहे.

बार्शीच्या बाजार आवारात आमचे आडतीचे दुकान आहे. ज्वारी, तूर, हरभरा, उडीद असा माल येतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढतो, लिलावात भाव ठरतो, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी तयार होते आणि रक्कम त्याच्या हाती पडते. सासऱ्यांनी हे काम चाळीस वर्षे केले. पुढे खरेदीदारांचा व्यवहार ह्यांच्याकडे आला, काटा आणि पट्ट्या भाऊजींकडे. भाऊजी वाणिज्य शाखेचे पदवीधर; अक्षर मोत्यासारखे आणि आकडेमोड तोंडी. पट्टी दोनदा तपासण्याची त्यांची सवय शेतकऱ्यांना फार आवडे. “धाकट्या शेठचा काटा म्हणजे काळजी नाही,” असे लोक येऊन सांगत.

पुढे दोनदाचे पाचदा झाले आणि पाचदाचे पंधरादा. एका रात्री साडेदहा वाजता ते मोटारसायकल घेऊन अठरा किलोमीटरवरच्या एका खेड्यात गेले. तिथल्या एका शेतकऱ्याला तोलाईत दहा रुपये जास्त लागले असावेत, अशी शंका त्यांना आली होती. पट्टीची स्थळप्रत अगदी बरोबर होती. त्यांनी स्वतः ती पाहिली होती. तरीही ते गेले, झोपलेल्या माणसाला उठवून त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले, आणि परतीच्या अर्ध्या वाटेत त्यांना वाटू लागले की ती रक्कम दहा नसून वीस असावी.

ही गोष्ट बाजारात पसरली तेव्हा तिचे कौतुकच झाले. समाजाच्या एका कार्यक्रमात एका ज्येष्ठ व्यापाऱ्यांनी ती तरुणांपुढे आदर्श म्हणून सांगितली. भाऊजी त्या वेळी सभागृहात मागच्या रांगेत बसलेले होते. घरी आल्यावर ते मला एवढेच म्हणाले, “वहिनी, त्या रात्री मी प्रामाणिकपणासाठी गेलो नव्हतो. डोक्यातले ते एकदाचे थांबावे म्हणून गेलो होतो.”

त्यानंतरचे वर्ष कठीण गेले. रात्री दुकानाचे कुलूप ओढून पाहता पाहता त्यांच्या बोटांना घट्टे पडले. तुरीच्या हंगामात शेतकरी रांगेत ताटकळत उभे राहत आणि एका पट्टीला अर्धा-अर्धा तास लागे. काही जुनी गिऱ्हाइके न बोलता शेजारच्या आडतीकडे वळली. शेवटी भाऊजींनी दुकानात येणेच सोडले. आपण व्यवहारच केला नाही तर आपल्या हातून कोणी फसविला जाणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. एके सकाळी त्यांनी ह्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “दादा, भागीदारीतून माझे नाव कमी करा.” तीन पिढ्यांच्या पेढीवर अशी वेळ आलेली नव्हती. भांडण नाही, व्यसन नाही, कर्ज नाही. आणि तरीही घरातला एक कर्ता माणूस हिशेबाच्या भीतीने पेढी सोडू पाहत होता.

त्यानंतर आम्ही पुण्यातील मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी की मंत्रचळात दोन भाग असतात. एक म्हणजे मनात पुनःपुन्हा घुसणारा, नकोसा विचार: कुलूप उघडे राहिले असेल, हाताला घाण लागली असेल, माझ्यामुळे कोणाचे नुकसान झाले असेल. दुसरा म्हणजे त्या विचाराची टोचणी शमविण्यासाठी करावी लागणारी कृती: ओढून पाहणे, धुणे, मोजणे, दुसऱ्याला विचारणे, मनातल्या मनात काही ठरावीक म्हणणे. कृतीने क्षणभर बरे वाटते आणि त्या क्षणभराच्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी ती कृती अधिक अटळ होऊन बसते. हे सारे अतिरेकी आहे, हे रुग्णाला बहुधा ठाऊक असते. तरीही त्याला थांबता येत नाही, हेच त्याचे दुःख.

डॉक्टरांनी पुढचे आमच्याच भाषेत समजाविले. मेळ जमला की “जमला” अशी एक जाणीव मनात उमटते आणि माणूस वही मिटतो. भाऊजींच्या डोळ्यांना आकडे जुळलेले दिसतात, बुद्धीला ते पटते, परंतु “जमला” ही जाणीव येत नाही. कपाळामागील मेंदूचा भाग, मेंदूच्या गाभ्यातील काही केंद्रे आणि थॅलॅमस यांच्यामध्ये संदेशांचे एक वर्तुळ सतत चालू असते. चूक झाली का, धोका आहे का, काम पुरे झाले का, याची दखल तिथे घेतली जाते. मंत्रचळाच्या रुग्णांच्या मेंदूची चित्रणे घेतली असता हे वर्तुळ वाजवीपेक्षा अधिक सक्रिय आढळते. सूचना देणारी घंटा एकदा वाजून थांबायला हवी, ती वाजतच राहते. त्यात रुग्णाच्या इच्छाशक्तीचा दोष नसतो आणि घरच्या संस्कारांचाही नसतो. आपल्या देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या आजाराचे प्रमाण प्रौढांमध्ये शेकडा ०.८ च्या सुमारास आढळले. म्हणजे शे-सव्वाशे माणसांमागे एक. आपल्या कोणत्याही मोठ्या लग्नात अशी चार-पाच माणसे पंगतीत असतातच.

हा आजार माणसाला जे सर्वांत प्रिय असते नेमके तेच हाताशी धरतो. आईला तो बाळाविषयी भिववितो, स्वच्छतेची आवड असलेल्याला जंतूंविषयी, आणि व्यापाऱ्याला काट्याविषयी. धर्मनिष्ठ घरात तो व्रत-नियमांतही शिरतो. पाणी गाळताना, भाजी निवडताना, जप मोजताना “हे नीट झाले नाही” ही शंका उठते आणि तेच कर्म आरंभापासून पुन्हा सुरू होते. भाऊजींचेही तसेच झाले होते. सायंकाळचे प्रतिक्रमण संपले तरी त्यांचे संपत नसे; एका पाठोपाठ एक माणसाला फोन करून ते “मिच्छामि दुक्कडम्” म्हणत राहत. सासूबाईंना आधी यात वावगे काही वाटले नाही. पुढे त्याच एकदा म्हणाल्या, “प्रतिक्रमणाला आरंभ आहे तशी समाप्ती आहे. याच्या क्षमा मागण्याला समाप्तीच नाही.” धर्माचरण आणि आजार यांतला फरक मी याहून सोप्या शब्दांत कुठे ऐकलेला नाही.

उपचाराची रीत ठरलेली आहे आणि ती पायरी-पायरीने जाते. प्रथम सिरोटोनिन या मेंदूतील रसायनावर काम करणारी औषधे. नैराश्यात लागतात त्याहून बहुधा अधिक मात्रेत आणि अडीच-तीन महिने नेमाने घेतल्यावाचून त्यांचा खरा परिणाम कळत नाही. त्यांच्या जोडीला एक विशेष मानसोपचार. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली त्याचा पाया घातला. भीती वाटते त्या प्रसंगाला मुद्दाम सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. अस्वस्थता वर चढते, काही वेळ तिथेच राहते आणि मग आपोआप उतरते, हे शरीराला अनुभवाने शिकवायचे. पट्टी एकदा वाचून देऊन टाकायची. कुलूप एकदा लावून पाठ फिरवायची.

घरच्यांनाही यात काम असते. “हो रे, बरोबर आहे, मी पाहिले,” असे दिवसातून वीसदा सांगणे म्हणजे मायेने दिलेले उसने असते. त्याचे व्याज रुग्णाला भरावे लागते. सासूबाईंनी हे कळल्यापासून उत्तर बदलले. भाऊजी विचारत, “आई, कुलूप लागले ना?” त्या म्हणत, “मला ठाऊक नाही बाळा. चल, जेवायला बस.” हे म्हणताना त्यांचा कंठ दाटून येई.

पुष्कळांना एवढ्याने चांगला आराम पडतो. भाऊजींना थोडा पडला, पुरेसा नाही. दोन औषधे पुरी मात्रा आणि पुरी मुदत देऊन झाली. मानसोपचारात ते दोन पावले पुढे जात आणि अस्वस्थता असह्य होऊन तीन पावले मागे येत. या अवस्थेत डॉक्टरांनी ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे टीएमएस, सुचविले.

घरात पहिला शब्द उमटला तो “शॉक”. सासरे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. भाऊजींसाठी स्थळे येत होती; “मुलाला शॉक दिले” एवढे एक वाक्य गावात फिरले तर पुढे काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो क्षुद्र नव्हता, बापाचा होता. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून दोन्ही उपचारांतला भेद सांगितला. ज्याला लोक शॉक म्हणतात त्यात भूल देऊन मेंदूत नियंत्रित झटका आणला जातो. तोही काही गंभीर आजारांत उपकारक ठरणारा उपचार आहे. टीएमएसमध्ये भूल नाही, झटका आणायचा नाही, टोचणे नाही, शस्त्रक्रिया नाही. रुग्ण जागा असतो, खुर्चीवर बसतो आणि उपचार संपल्यावर चालत घरी जातो.

त्यामागचे तत्त्व जुने आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखविले. आपल्या घरची वीज ज्या जनित्रांतून येते ती याच तत्त्वावर चालतात. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व मेंदूवर वापरले. तारेचे वेटोळे डोक्याशी धरून त्यातून क्षणमात्र प्रवाह सोडला की चुंबकीय स्पंदन कवटीतून वेदनेशिवाय आत जाते आणि मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या पेशींत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. ठरावीक जागी, ठरावीक गतीने, अनेक दिवस अशी स्पंदने दिली तर तिथली सक्रियता कमी किंवा अधिक करता येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली नैराश्यासाठी आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मंत्रचळासाठी या प्रकारच्या यंत्राला मान्यता दिली.

आम्ही पुण्यात नणंदेच्या घरी सहा आठवडे राहिलो. पेढी सोडून ह्यांना येणे शक्य नव्हते, म्हणून भाऊजींसोबत मी होते. पहिल्या दिवशी त्यांना अनेक प्रश्न विचारले गेले: डोक्यात किंवा कानात धातूचा तुकडा आहे का, हृदयाला पेसमेकर आहे का, कधी फिट आली होती का, कोणती औषधे चालू आहेत. हे प्रश्न फार महत्त्वाचे, कारण तसे काही असेल तर हा उपचार धोक्याचा ठरू शकतो. मग वेटोळे डोक्यावर किंचित इकडे-तिकडे सरकवीत एकेक स्पंदन दिले गेले. एका जागी येताच भाऊजींच्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. किती जोराच्या स्पंदनाने अंगठा हलतो यावरून त्या माणसापुरती मात्रा ठरते.

त्यानंतर रोज एकच क्रम. कानांत बोळे, कारण यंत्र टक् टक् असा चांगलाच आवाज करते. इंग्रजी आठाच्या आकाराचे वेटोळे माथ्याच्या मध्यावर, किंचित पुढे. सेकंदाला एक याप्रमाणे वीस मिनिटे स्पंदने, म्हणजे १,२०० ठोके. आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस बैठका. पहिल्या आठवड्यात डोके दुखले, ते साध्या गोळीने थांबले. फिट येण्याचा धोका असतो, परंतु योग्य तपासणी केल्यावर तो अत्यंत विरळ असतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. भाऊजींना तसे काही झाले नाही.

त्यांना खरा त्रास दुसराच झाला. यंत्र सुरू झाले की ते ठोके मोजू लागत. १,२०० भरले की नाहीत, एखादा कमी तर पडला नाही, ही शंका घेऊन ते खोलीबाहेर येत. मानसोपचार करणाऱ्या ताईंनी याचाच अभ्यास करून घेतला. मोजणी मधेच सोडून द्यायची, आकडा अपुरा ठेवायचा आणि ती टोचणी घेऊन तसेच बसायचे. बाहेरून यंत्र काम करी आणि आतून भाऊजी. पुढे माझ्या ध्यानात आले की या उपचारात दोघांचीही गरज असते.

चौथ्या आठवड्यात ताईंनी त्यांना एक वाक्य लिहायला दिले: “एखाद्या शेतकऱ्याचे पाच रुपये माझ्याकडे जास्त आले असतील, आणि मला ते कधीच कळणार नाही.” हे रोज वाचायचे आणि त्यावर काहीही करायचे नाही. सासूबाई रविवारी भेटायला आल्या होत्या. त्यांनी तो कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी डॉक्टरांनाच विचारले, “तुमच्या यंत्राने आणि या लिहिण्याने त्याची सचोटी तर जाणार नाही ना? लबाड होऊन बरा झालेला मुलगा मला नको.”

मला वाटते, आपल्या घरांतला खरा प्रश्न हाच आहे आणि तो उघडपणे विचारण्याचे धैर्य एका सत्तर वर्षांच्या बाईंनी दाखविले. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, “आई, मूल्ये कुठे साठविलेली असतात आणि ती कोणत्या यंत्राने काढता येतील, हे शास्त्राला ठाऊक नाही. आम्ही फक्त वाजत राहिलेली घंटा मंद करीत आहोत. चूक दिसली तर तुमचा मुलगा ती दुरुस्त करीलच. जी चूक झालेलीच नाही, तिच्यासाठी रात्री अठरा किलोमीटर जाणे तेवढे थांबेल.” सासूबाईंनी बराच वेळ विचार केला आणि कागद घडी घालून भाऊजींच्या हाती परत दिला.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच फरक दिसत नव्हता आणि सासऱ्यांचे फोन वाढले होते. पाचव्या आठवड्यात एक गोष्ट घडली. रुग्णालयाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. भाऊजींनी शंभराची नोट दिली, सुटे परत आले, ते त्यांनी खिशात टाकले आणि ते बोलत पुढे चालू लागले. त्यांनी ते मोजले नव्हते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी थांबून मोजले असते.

या आजाराची तीव्रता मोजण्यासाठी येल-ब्राऊन नावाची दहा प्रश्नांची मापनश्रेणी वापरतात. तिचे गुण शून्य ते चाळीस असतात. भाऊजींचे गुण २९ होते, तीस बैठकांनंतर ते १८ झाले. तीव्र आजार मध्यम झाला. तो समूळ गेला नाही. परंतु २९ असताना जो मानसोपचार सोसवत नव्हता, तो १८ वर सोसवू लागला, आणि खरी प्रगती पुढच्या आठ महिन्यांत त्या अभ्यासाने झाली. औषध अजून चालू आहे. दिवाळीच्या वहीपूजनाच्या सुमारास शंका पुन्हा वर आल्या, तेव्हा ते आपण होऊन ताईंकडे गेले.

एका माणसाच्या अनुभवावरून उपचाराचे मोल ठरवू नये, हे आपण व्यापारी लोक चांगले जाणतो. एका पोत्यावरून हंगामाचा भाव ठरत नाही. म्हणून अभ्यास काय सांगतात तेही पाहावे. अमेरिकन मान्यतेमागे जो प्रमुख अभ्यास होता तो इस्रायलमधील लिओर कार्मी, अब्राहम झँगेन, जोसेफ झोहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. अकरा केंद्रांतील सुमारे शंभर रुग्ण त्यात होते. निम्म्यांना खरी स्पंदने दिली आणि निम्म्यांना केवळ आवाज करणारे नकली यंत्र लावले. कोणाला काय मिळते हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. सहा आठवड्यांनंतर, गुण निदान शेकडा तीसने कमी झाले असे रुग्ण खऱ्या उपचारात शेकडा ३८ निघाले आणि नकली उपचारात शेकडा ११. त्या अभ्यासातले वेटोळे शिरस्त्राणासारखे, अधिक खोलवर पोहोचणारे होते आणि स्पंदनांची गतीही सेकंदाला वीस होती. भाऊजींना मिळालेला प्रकार निराळा. शिवाय प्रत्येक बैठकीआधी रुग्णाच्या मनातली नेमकी शंका मुद्दाम जागी केली जाई, म्हणजे ते वर्तुळ चालू असतानाच त्यावर स्पंदने पडावीत.

हे आकडे सावकाश वाचावेत. शंभरातील ३८ जणांना ठळक उतार पडला, याचा अर्थ ६२ जणांना तेवढा पडला नाही. नकली यंत्रानेही अकरा जणांना बरे वाटले, याचा अर्थ आशेलाही काही गुण असतो. हा उपचार चमत्कार नाही आणि थोतांडही नाही. औषध व मानसोपचार नीट करूनही जो अडून राहिला आहे, त्याच्यासाठी उघडलेले ते आणखी एक दार आहे.

बाजार जिथे असतो तिथे खोटा मालही येतो. आम्हाला एका ठिकाणी, तपासणी न करता, “दहा बैठकांत हमखास बरा” अशी हमी मिळाली होती. डोक्याला लावायचे विजेचे पट्टे घरी देऊ असेही ते म्हणाले. अत्यंत सौम्य वीजप्रवाह वापरणारी टीडीसीएस नावाची एक पद्धत खरोखरच आहे. परंतु मंत्रचळासाठी ती अजून संशोधनाच्या पायरीवर आहे, घरी आपण होऊन करण्याचा तो विषय नाही. हमखास शब्द ऐकला की आपण धान्यात हात घालून पाहतो, तसेच इथेही करावे. उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ आहेत का, आधी औषध आणि मानसोपचार पुरेसे झाले का याची त्यांनी चौकशी केली का, मेंदूच्या कोणत्या जागी आणि किती बैठका, एकूण खर्च किती, फिट आल्यास व्यवस्था काय, हे लेखी विचारावे. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत मंत्रचळासाठी स्वतंत्र विभाग आहे. शंका असल्यास अशा ठिकाणचे दुसरे मत घ्यावे. मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण मिळावे, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. मात्र टीएमएस बहुधा रुग्णालयात दाखल न होता घ्यावयाचे असते, तेव्हा आपल्या पॉलिसीत ते बसते का हे आधी विचारून घ्यावे. कोठे जावे हेच सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

स्थळाविषयी वाचक विचारतीलच. भाऊजींनी स्वतःच ठरविले की पुढच्या बैठकीत मुलीकडच्यांना सारे सांगायचे. सासऱ्यांचा विरोध होता, परंतु त्यांनी सांगितले. एक स्थळ त्यावरून परत गेले. सासरे खिन्न झाले, तेव्हा भाऊजी म्हणाले, “दादा, खोट असलेला माल खोट सांगूनच विकायचा, हे तुम्हीच शिकविले ना?” घरात पुष्कळ दिवसांनी सगळे मोकळेपणी हसले. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच होते.

आज ते पुन्हा काट्यावर बसतात. पट्टी एकदा लिहितात, एकदा वाचतात आणि शेतकऱ्याच्या हाती देतात. कधी हात पुन्हा वहीकडे जातो, घटकाभर तिथेच थांबतो आणि मागे येतो. मागच्या महिन्यात एका पट्टीत खरोखरच चाळीस रुपयांची चूक सापडली. त्यांनी ती दुरुस्त केली, शेतकऱ्याला फोन करून सांगितले, पुढच्या बाजाराला तो आला तेव्हा रक्कम दिली, आणि त्या रात्री ते वेळेवर झोपले.

आपल्या घरात कोणी फार धुत असेल, फार मोजत असेल, पुनःपुन्हा क्षमा मागत असेल, तर त्याचे कौतुक करण्यापूर्वी किंवा त्याला रागावण्यापूर्वी जवळ बसून एकच विचारावे: हे तुला करावेसे वाटते, की केल्यावाचून राहवत नाही? उत्तर दुसरे आले, तर तो माणूस आजारी आहे आणि त्याला उपचाराची वाट आहे.